शंभरपैकी एकशे पाच

सातवीच्या पेपरात प्रश्न होता :
विजेचा सर्वांत चांगला वाहक कोणता?
मी लिहिलं, तांबं.
दुसरं काही पाहिलंच नव्हतं मी
साखर पेठेतल्या आमच्या दुकानात,
जिथं उन्हासाठी अर्धं शटर कायम खाली
आणि फळीवर तारेची रिळं, गेज नंबर खडूनं लिहिलेले.

नानांनी पेपर पाहिला. चष्मा कपाळावर सरकवला.
चूक नाही, म्हणाले, पण बरोबर पण नाही.
तांब्याला समज शंभरपैकी शंभर दिले
तर चांदीला एकशे पाच.

शंभरपैकी एकशे पाच कसे पडतील?

पडतात. पेपर काढणाऱ्यानं चांदी बघितली नसली की पडतात.
सोनं सत्तर. गळ्यात पहिलं, तारेत तिसरं.
ॲल्युमिनियम एकसष्ट, काठावर फर्स्ट क्लास.
लोखंड सतरा, नापास,
(जळक्या स्टेटरवर टिचकी मारून)
आणि ह्या नापासाशिवाय मोटार फिरत नाही.

आणि कापूस?
भोपळा, ते हसले.
म्हणून तर प्रत्येक जोडावर त्याची बाही चढवायची.
भोपळ्यावर तर चाललंय सोलापूर.

त्याच मे महिन्यात एका रात्री न्यूट्रल तुटला
आणि राजेशम गड्डमच्या अकरा मागांच्या
अकरा मोटारी जळाल्या.
हातगाडीवरून आल्या, कापसाची तूस अंगावर घेऊन,
गल्लीभर जळक्या वार्निशचा वास.
राजेशम पायरीवर बसला, म्हणाला,
ॲल्युमिनियम भरा मामा. वरून कोण बघूलालंय?
नाना म्हणाले, वरून कोणी नाही,
पण मोटारीला कळतं.

चौदा किलो तांबं. रोख.
उधारी तारवाल्याकडे आधीच गळ्याशी आलेली.
अम्मानं आतल्या खोलीत
पायातल्या पट्ट्या काढल्या. कमरपट्टा काढला.
काही बोलली असेल तर तेलुगूत, आणि हळू.

सराफाकडे न्यायच्या आधी
नानांनी एक पट्टी बाकावर आडवी ठेवली,
मीटरच्या दोन्ही पिना दोन टोकांना लावल्या.
बझर वाजला.
ऐक, म्हणाले, एकशे पाच.
मी कान देऊन ऐकलं.
तांब्यासारखाच वाजत होता.

मग एक नंबरचं मोडून दोन नंबरचं आलं,
पिवळसर लाल, कोरं, अजून तेलाचा वास असलेलं.
आठ रात्री वेटोळी. एका खाचेत किती फेरे
ते तोंडातल्या तोंडात मोजत,
मध्ये कोणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून.
राजेशमनं पैसे फेडले, चार हप्त्यांत,
पाचवा राहिला. त्याऐवजी दोन चादरी,
एक अजून आहे, मोराची.
पट्ट्या काही परत आल्या नाहीत.
मधे कधीतरी चांदी वाढली, एवढंच ऐकलं.

आता बाकावर मी बसते.
मेगर लावते, काटा अनंताकडे जातो की नाही बघते,
तोवर श्वास घेत नाही. ही सवय नानांची.
बोअरच्या पाण्यात क्षार आहेत, त्यातून वीज धावते.
घामातूनही. म्हणून टॉवेल खांद्यावर,
आणि भिंतीवर माझ्याच अक्षरात :
हात कोरडे करा.

अम्मा दुपारी डबा घेऊन येते,
दारात चपला सोडून, ओल्या फरशीवरून अनवाणी.
काय करूलालीस, म्हणते.
घोट्यावर आता काही खूण नाही.
मी ओरडते :
अम्मा, चपला घाल आधी.
तारा उघड्या आहेत.