पुलाखालची वाट

गोराझ्देच्या शाळेतली जिम, बुधवारची संध्याकाळ.
आम्ही सातजणी आणि एक नेजाद.
बास्केटबॉलच्या कड्याला जाळी नाही, त्याखाली चटया,
रबराचा वास, ओल्या बुटांचा वास.
दार उघडंच ठेवायचं, हे पहिल्या दिवशीच ठरलं.
थंडी येते आत, तर येऊ दे.
नेजाद घरून स्वयंपाकघरातली खुर्ची आणतो,
दाराशी टाकतो, पाठ भिंतीला.
का, ते कुणी विचारत नाही.

शिकवते अल्डिना. तिचा जन्म वेढा उठल्यानंतरचा.
ती कुणाला हात लावत नाही,
आमच्या पाठीमागून फिरत नाही,
आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटाला म्हणते, ‘वाटलं तर’.
हात वर घ्या, वाटलं तर.
डोळे मिटा. उघडे ठेवा. वाटलं तर.
डॉक्टरांनी विचारलं होतं: काय झालं, कधी, किती जण.
हिने विचारलं: टाचा जमिनीला टेकल्यात का?

मी खाली पाहिलं.
टेकल्या नव्हत्या.

‘पुढे वाका’ म्हणाली तेव्हा
शेफिका खो खो हसली.
‘पोरी, वाकायचं आम्हाला नको शिकवूस,
पदवी घेतलीय आम्ही त्यात.’
मग तिनेच सांगितलं पुलाचं:
वर डोंगरात बंदुका,
म्हणून पुलाच्या पोटाशी फळ्या टांगलेल्या,
त्यांवरून वाकून जायचं,
एका हातात पाण्याचा कॅन, दुसऱ्याची मूठ.
खाली द्रिना, हिरवीगार, आपल्याच नादात,
आमची घरगुती चाकं फिरवणारी,
एका बल्बापुरती वीज देणारी.

जीव मुठीत धरून, असं म्हणतात ना,
मी खरंच धरला होता.
पुढे कागदांवर सह्या झाल्या,
फळ्या निघाल्या, पुलाला रंग लागला.
मूठ उघड, असं सांगायला मात्र कुणी आलं नाही.
राहिली ती तशीच.
मुलीच्या लग्नातल्या फोटोत बघा, डावा हात.
रोज सकाळी तळव्यावर
नखांच्या चार खुणा.

संपलंय ते, नवरा म्हणायचा.
मला माहीत होतं संपलंय.
खांद्यांना माहीत नव्हतं.
रिकामा ट्रक खड्ड्यात दणकला
की ते कानांपर्यंत चढायचे,
मला न विचारता.

पाठीवर निजणं अजून जमत नाही.
बाकीच्या निजतात, मी भिंतीला टेकून बसते,
छत मोजते, त्यालाही अल्डिना हरकत घेत नाही.
एका बुधवारी उभ्या उभ्या उजवी मांडी थरथरू लागली,
थांबेचना. मला लाज वाटली.
‘थरथरू दे,’ ती म्हणाली,
‘नको वाटलं, तर पाय जमिनीत दाबून बघ.’
मी दाबला नाही.
किती वेळ गेला कुणास ठाऊक,
जुना फ्रिज बंद होताना अंग झटकतो ना,
तसं एकदा झटकून ती गप्प झाली.
आणि मला जांभई आली.
एवढी मोठी, की नेजादलाही आली,
मग दारापासून भिंतीपर्यंत सगळ्यांना.
मेवलिदाने आलुबुखारांचा केक आणला होता,
तो आम्ही चटयांवरच बसून खाल्ला, चुरा सांडत.

काल बाजारातून येताना,
पुलाच्या मधोमध, रुंद, उजेडी रस्त्यावर,
माझ्या लक्षात आलं की मी वाकून चाललेय.
तीस वर्षं चालत असणार तशीच.
पहिल्यांदा दिसली मला ती बाई.
थांबले. मागून सायकलवाल्या पोराने घंटी मारली,
वळसा घालून गेला.
टाचा बघितल्या. डावी टेकली होती.
सरळ झाले, थोडी. पूर्ण नाही.
कांद्याच्या पातीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली
आणि रिकामा झालेला डावा हात
कठड्याच्या गार लोखंडावर उघडा ठेवला.
वाटलं, म्हणून.