किती गेले

कुव्होलाच्या हॉलमध्ये माझं टेबल
नेहमीसारखं संडासाच्या दाराशेजारी.
टी-शर्ट पंचवीस युरो, टोपी पंधरा,
शिवायचे बिल्ले पाच.
एकोणीस वर्षं मी हेच विकते आहे,
म्हणून तो जेव्हा म्हणाला, "विकले गेलात तुम्ही,"
तेव्हा सवयीने विचारून गेले,
"कोणता साइज?"

हसला नाही.
डेनिमचं जाकीट काढून टेबलावर पालथं घातलं
आणि मासे साफ करायच्या चाकूने
पाठीवरचा आमचा बिल्ला उसवायला बसला,
एकेक टाका.
टाके त्यानेच घातलेले असणार,
एकाची लांबी दुसऱ्याला मेळ खात नव्हती.
बिल्ल्याखालचा निळा रंग मात्र
काल दुकानातून आणल्यासारखा.

नाव बहुतेक आर्मस.
लाप्लंडच्या वाटेवर व्हॅन बर्फात रुतली
तेव्हा ढकलायला उतरलेल्यांत हा होता.

आमची स्वतःची गाणी अकरा अकरा मिनिटांची,
जगाच्या अंताची.
जगाचा अंत ऐकायला शंभरेक माणसं यायची,
त्यातली तीस ओळखीची.
अंत झाला की आम्ही रात्री दोनला
अ‍ॅम्प्लिफायर उचलून व्हॅनमध्ये भरायचो.

मग तो टँगो.
कुणाचा तरी, आमच्या आईबापांच्या काळातला.
इथे तळ्याकाठी लाकडी मंडपात
डास मारत मारत
वर्षभर न बोलणारी माणसं
त्याच्यावर एकमेकांना धरतात.
स्टुडिओची चाळीस मिनिटं उरली होती, पैसे भरलेली.
वाया कशाला, ओइवा म्हणाला.
गिटारी तळघराइतक्या खाली उतरवल्या
आणि तार्मो त्या प्रेमगीतावर गुरगुरला.

पुढे कॉफीवाले आले.
जाहिरातीत एक पोस्टमन घोट घेतो,
मागे तार्मो गुरगुरतो,
आणि पोस्टमनच्या मिशीवरचा बर्फ वितळतो.
एवढंच.

त्या बर्फातून
व्हॅनचा गिअरबॉक्स निघाला,
ओइवाचे पुढचे दोन दात,
आणि वहीतली माझी तीन वर्षांची बाकी.
पान फाडलं नाही मी.
नुसती रेघ मारली.

आर्मस खोटं बोलत नव्हता.
ताकाला जाऊन आम्ही भांडं लपवलं.
"गंमत म्हणून केलं हो," सगळीकडे सांगत सुटलो.
गंमत नव्हती.
तार्मोला ते गाणं पाठ होतं, चारही कडवी,
आणि एकोणीस वर्षं तो ते
आमच्यापासून लपवत आला होता.

आता कंपनीकडून बारा गाण्यांची यादी आली आहे,
सगळी दुसऱ्यांची.
एक नाताळचं.
नाताळ म्हणजे वर्षाचा अंतच की, ओइवा म्हणाला.
नवे दात असूनही
तो स्वतःसुद्धा हसला नाही.

टँगो सुरू झाला तेव्हा
पहिल्यांदाच आलेली जोडपी पुढे सरकली,
एका बाईने बूट काढून हातात घेतले.
आर्मस दाराजवळ, स्टेजकडे पाठ करून.
जाकीट परत अंगात,
पाठीवर तो निळा चौकोन.
त्याचा पाय ताल धरेल म्हणून
मी त्याच्या बुटांकडे बराच वेळ पाहत राहिले.

धरला नाही.

शेवटच्या गाण्याआधीच निघाला.
जाताना बिअरचा पेला परत करून
अनामतीचा एक युरो मात्र मोजून घेतला.

बाहेर उणे बावीस.
तार्मोने व्हॅन सुरू केली
आणि रोज विचारतो तसं विचारलं,
"किती गेले?"
रोज मी टी-शर्टचा आकडा सांगते.
गल्ल्यात, नाण्यांखाली, तो बिल्ला होता,
कडेला अजून दोरे लोंबत असलेला.

"चाळीस," मी म्हणाले. "आणि एक."

एक कोणता, त्याने विचारलं नाही.
गिअर टाकला.
पूर्वी इथे केवढा खडखडाट व्हायचा,
उत्तर द्यावं लागत नसे.
नव्याचा आवाजच येत नाही.