दोन हजार अठ्ठेचाळीस

अक्कलकोट रोडच्या शेडात, चहाची किटली ठेवतात
तिथंच माझं टेबल.
बत्तीस माग. प्रत्येकाला एक डबी बसवायची,
खेपा मोजणारी, धागा तुटला की सांगणारी.
चिप नखाएवढी. आत जागा
दोन हजार अठ्ठेचाळीस बाइट.
त्यातही स्टॅक वरून खाली उतरतो,
बाकीचं खालून वर चढतं,
आणि मध्येच दोघांची गाठ पडली
की डबी कुणाला न सांगता
पहिल्यापासून सुरू.

रात्रपाळीत तीनदा गाठ पडली.
सकाळी आकडा शून्य.
चंद्रय्याची मजुरी नगावर.
तो आधी डबीकडं बघत राहिला,
मग माझ्याकडं.

पडद्यावर ‘धागा तुटला’ असं उमटावं
ही माझीच हौस.
मराठीत काना वेगळा, उकार वेगळा,
प्रत्येकाला तीन बाइट.
अठ्ठावीस झाले. शेवटचं शून्य धरून एकोणतीस.
लाल दिवा एका बिटात पेटतो.
हौस खोडली.
(चंद्रय्या तसाही तेलुगू वाचतो.)

तरी अडलंच. फणीच्या हालचालीचा तक्ता,
एका फेऱ्याच्या दोनशे छप्पन्न नोंदी,
त्यातली एकही सोडवत नव्हती.

मादासमामा भिंतीशी जॅकार्डचे पुठ्ठे ठोकत होते.
भोक असेल तर दोरा वर,
नसेल तर खाली.
मी म्हटलं, मामा, मोर अर्धाच आहे.
“आख्ख्याला पुठ्ठे कुठं पुरतेत?
राहिलेला अर्धा दोऱ्या उलट्या बांधल्या की निघतो.”
आणि एकच मोर हवा असेल, मान वळवलेला?
“मग मालकाला दुसरं मशीन घ्यायला सांग.”
हातोडी थांबली नाही.
“म्हणून तर आपल्या चादरीवर
दोन-दोन मोर, समोरासमोर.
लोकांना वाटतं, काय प्रेम आहे.”

फणी पुढं जाते तशीच मागं येते.
अर्धा तक्ता पुसला.
एवढी जागा झाली की मला सुचेना, तिचं काय करू.
काहीच केलं नाही. तशीच ठेवली.

पण आकडा अजून चुकतोय. फेऱ्याला एक जास्त.

रात्री उकाड्यात चादर पायाशी ढकलताना
चोचींच्या मधोमध बोट थांबलं:
डावीकडचे दोरे उजवीकडं पुन्हा येतात,
मधला येत नाही.
तो एकच. दोन्ही मोरांत मिळून एक.

मी तो दोनदा मोजला होता.
उठले. दिवा लावला.