ठराव क्रमांक सत्तावीस

नदीच्या पलीकडे कॅनडा, अलीकडे आम्ही.
मार्चमधली गावसभा, शाळेच्या व्यायामशाळेत
घडीच्या खुर्च्या, बीन्सचा वास, ओले बूट.
ठराव सव्वीस : कुत्र्यांचे परवाने, एक डॉलर वाढ. मंजूर.
ठराव सत्तावीस : गावकचेरीच्या मागे,
जिथं मिठाची शेड होती त्या जागेवर,
विजेच्या गाड्यांसाठी दोन चार्जर.
मी लिहून घेत होते. लिहून घेणं हेच माझं काम,
बावीस वर्षं झाली.

डेल्फीन सिर उठली, "गावात अशा गाड्या किती?"
एक. संगीताच्या मास्तरांची,
आणि ते घरीच चार्ज करतात.
लोक हसले. हसणं इतिवृत्तात येत नाही.
"मग गावाच्या जागेवर परक्यांची सोय कशाला?"
रोझेर मिशो म्हणाला, अनुदान आहे, ऐंशी टक्के.
उरलेले वीस तो जरा हळू म्हणाला.
ऑर्मन लेव्हासर, रस्त्यांचं बघणारा,
उभा राहिला तेव्हा खुर्ची करकरली.
"त्या जागेत माझा बर्फाचा ट्रक वळतो."
एवढंच बोलून बसला.
एक्केचाळीस विरुद्ध अडतीस.
ऑर्मनचा हात अडतिसांत होता. मी मोजला.

जूनमध्ये चर खणला तोही त्यानंच. दुसरं कोण खणणार?
नकाशात खोली दोन फूट.
त्यानं नकाशा दगडाखाली ठेवला आणि चार फूट गेला.
ठेकेदाराचा पोरगा म्हणाला, एवढं लागत नाही.
ऑर्मन म्हणाला, थंडीला वाचता येत नाही, बाळा.
तीन फुटांवर एक पाइप लागला,
कुठल्याच कागदावर नसलेला.
आत पाणी नाही, तेल नाही, काही नाही.
तार त्याला वळसा घालून गेली.
मी विचारलं, काय लिहू?
"लिही, होता."

मग कोणीच आलं नाही.
जुलै शून्य. ऑगस्ट शून्य. बटाटे काढायच्या सुट्टीत
पोरं त्या खांबांना सायकली टेकवू लागली.
महिन्याच्या पहिल्या सोमवारी
मी पडद्यावरचा आकडा उतरवायची.
डेल्फीन दारातूनच विचारायची, काय गं, किती?
मी सांगायची. तिचा दिवस चांगला जायचा.

नोव्हेंबरातला एक मंगळवार, पहाटे दोन चाळीस.
अकरा युनिट.
नाव नाही. कार्ड नदीपलीकडच्या बँकेचं.
सकाळी पाहिलं तर सगळीकडे बर्फ,
मधे मोटारीएवढा एक काळा चौकोन,
आणि तिथून आमच्या सूचनाफलकापर्यंत
अर्धी बुजलेली पावलं. परत. पुन्हा फलकापर्यंत.
शेजारी लहान पावलांची एक ओळ, मधेच संपलेली.
तिथून पुढे बहुधा कडेवर.
दीड तास त्या थंडीत काय वाचलं असेल?
हरवलेली गाय. दफनभूमीचे दर.
ठराव सत्तावीसची मतं, खाली माझी सही.
ऑर्मन ट्रकमधून उतरला, बराच वेळ बघत राहिला.
"बसायला काही नाही इथं," म्हणाला,
जणू माझीच चूक.

यंदाच्या सभेत जमा वाचून दाखवली :
कुत्री, तीनशे बारा डॉलर.
चार्जर, सहा डॉलर पासष्ट सेंट.
पुन्हा ते इतिवृत्तात न येणारं.
ऑर्मननं बाकाचा विषय काढला.
लाकडी की लोखंडी, वर छप्पर का,
कोणी घसरून पडलं तर विमा कोणाचा,
पाऊण तास.
तहकूब, पुढच्या मार्चपर्यंत.

दुसऱ्या दिवशी चार्जरशेजारी
स्वयंपाकघरातली एक खुर्ची होती,
पिवळी, एका पायाखाली पत्र्याची चकती.
त्याच्या घरी दोन होत्या. आता एक पुरते.
बर्फ काढताना ट्रक तिथं तीनदा पुढे-मागे होतो,
मला खिडकीतून ऐकू येतं.

गावाच्या मालकीच्या वस्तूंची यादी मी ठेवते.
दोन ट्रक, एक झेंडा, सदुसष्ट घडीच्या खुर्च्या,
आता दोन चार्जर.
ही पिवळी
मी अजून चढवलेली नाही.