अख्खा पत्ता

आमच्याकडे गोळ्यांचा पत्ता कात्रीनं कापतात.
दोन द्या, चार द्या, हप्त्यापुरत्या द्या.
कापताना औषधाचं नाव बहुतेक दुकानात राहतं,
तारीखही.
गिऱ्हाईक घेऊन जातं नुसता चंदेरी तुकडा.

येणूबाई लांजेवारांना मी एकतीस वर्षं
असंच नाव कापून देत आलो.
सोमवारच्या बाजारी, काउंटर रिकामं झालं की.
पिशवीत वांगी, लाखोरीची डाळ,
तळाशी पेपरच्या पुडीत तीस गोळ्या.
कोणी विचारलं तर "आंगदुखीच्या".

मोहाळीत तिला पडताना कोणी पाहिलं नाही.
पडली ती माहेरी, रोवणीच्या चिखलात, लग्नाआधी.
कोणीतरी नाकाशी जोडा धरला होता.
"त्या चामड्याचा वास अजून येते," एकदा म्हणाली होती,
आणि सुटे पैसे मोजायला लागली.
नवरा गेला. त्यालाही कळलं नव्हतं.

आता पोरगा मस्कतला, सून आठव्या महिन्यात,
विमान चौदा तारखेला, नागपूरहून.
येणूबाई नवी चप्पल घालून दुकानात उभी.
"तीन महिन्याच्या द्या, भाऊ. नेहमीसारख्या."

नेहमीसारख्या नाही चालत, बाई.
पुडी नको. कात्री नको.
खोक्यासकट न्यायच्या, बिलासकट,
डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, आणि चिठ्ठीवर
येणूबाई नाही, पासपोर्टात आहे तेच, यमुनाबाई वक्टूजी लांजेवार.
मोठ्या बॅगेत टाकू नका, ती हरवली तर?
हातातल्या पिशवीत ठेवा.
आणि ही गोळी जरा अडचणीची आहे,
आधी तिकडे अर्ज करावा लागतो म्हणे:
कोण घेते, किती घेते, कशासाठी.

"कशासाठी"वर ती थांबली.
समोर चिमूरची एसटी मागे घेत होते,
कंडक्टर पत्र्यावर थापा मारत होता.
"आंगदुखी लिवा ना."
नाही चालत.
"मंग तुमीच भरा. पोराले नोका सांगू."

भरला. दुकानातल्याच कम्प्युटरवर, लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर.
पूर्ण पत्ता विचारला: मोहाळी, पाण्याच्या टाकीजवळ,
तालुका सिंदेवाही. रकान्यात मावेना.
आजाराच्या रकान्यात तो शब्द टाइप केला,
आम्ही दोघं जो एकतीस वर्षं बोललो नव्हतो.
इंग्रजीत तो तेवढा वाईट दिसत नाही.

मग अर्जानं तिकडचा मोबाईल मागितला.
ओटीपी पोराच्या फोनवर जाणार होता.
दहा मिनिटांची मुदत, आकडे मागे पळत होते.

येणूबाईनं पदरानं तोंड पुसलं.
माझ्याच फोनवरून लावला.
"विनेश, तुह्या फोनवर सहा आकडे येतीन, ते सांग.
कायचे म्हंजे?
मिरगीचे.
माह्या.
तू नव्हता तवापासून."

बाम घ्यायला आलेला माणूस वळून बघत राहिला.
तिनंही त्याच्याकडे बघितलं. बघतच राहिली.
त्यानं बाम न घेता पायरी उतरली.

पोरानं आकडे सांगितले.
चौथ्या आकड्यावर आवाज तुटला,
नेटवर्क असेल.
पुन्हा पहिल्यापासून सांगितले.
मग काहीतरी विचारलं, ते मला ऐकू आलं नाही.
ती म्हणाली, "भेव वाटे. आता नाही वाटत असं नाही."

परवानगीचा कागद नवव्या दिवशी आला.
मी तिच्यासमोर अख्खे पत्ते मोजले. नऊ.
तिनं एक उलटा करून छापील अक्षरांवर अंगठा फिरवला.
"याच्यात माहं नाव कोनतं?"
हे औषधाचं, बाई. तुमचं चिठ्ठीवर.
"बरं. आता कापू नोका कोनतंच."

सोमवारी बाजार भरला.
वांग्याच्या पिशव्या येत होत्या, जात होत्या.
गर्दी हलल्यावर सवयीनं मी पेपरचा चौकोन फाडला,
आणि बराच वेळ
त्यावरचा धानाचा भाव वाचत बसलो.