थंड घाम

मे महिन्यात सोलापुरात सगळ्यांनाच घाम येतो.
पत्रा मध्यरात्र उलटली तरी तापलेलाच,
कूलर कोरडा, कारण नळ परवा येणार.
अशा घरात तीन वाजता उठून
मी लेकीच्या कपाळाला हात लावतो
आणि घामाघामातला फरक ओळखतो.

उन्हाचा घाम कोमट, मिठाचा, बोटाला चिकटणारा.
साखर उतरल्याचा घाम थंड,
माठाला बाहेरून सुटतो तसा.
तेवीस वर्षं मागावर काढली, दोन्ही कान गेले.
तिने हाक मारली तरी मला कळत नाही,
म्हणून ऐकायचं काम आता हाताकडे आलंय.

सिंधुजा सात वर्षांची होती तेव्हा
रात्रीतून सहादा मोरीत जायची,
तांब्यामागून तांब्या रिकामा करायची,
आणि आम्ही म्हणायचो, उन्हाळा आहे.
फ्रॉक अंगावर ढिला झाला, तर म्हणालो, उंच होतेय.
मग सिव्हिलच्या खाटेपाशी चाकोते डॉक्टरीणबाई
म्हणाल्या, पाचशे बारा.
मला वाटलं, बिल.

राहायला साखर पेठेत. पत्ता सांगितला तेव्हा
केसपेपर लिहिणारा माणूस हसला.
मीही हसलो. काय करणार.

थोरली बहीण म्हणाली, पोरीची जात, कुणाला सांगू नको.
कुणी कारल्याचा रस सांगितला,
कुणी सुई सोडून विभूती.
बायकोने, तंबाखूचा वास न जाणाऱ्या तिच्या हातांनी,
पेनचं टोपण काढलं, दोन युनिट हवेत सोडली
आणि विचारलं, पोट की मांडी?
पोरगी म्हणाली, मांडी.
घरात तेव्हापासून तेवढीच चर्चा चालते.

फ्रिज नव्हता. मडक्यात मडकं, मधे ओली वाळू,
आत डबीत इन्सुलिन.
नळ आला की पहिला तांब्या वाळूला,
मग माणसांना.

आता ती तेरा वर्षांची आहे.
वहीत आकडे स्वतःच लिहिते.
यंदा गड्ड्याच्या यात्रेपासून बघतोय,
एकशे वीस, एकशे अठरा, एकशे बावीस,
पुन्हा एकशे वीस.
मी टॉवेलची घडी उलटून दोष शोधणारा माणूस.
इतकं सरळ कापड माझ्या मागावर कधी उतरलं नाही.
मशीनचं बटण दाबून मागचं काढलं.
तीनशे दहा. अठ्ठावन्न. दोनशे नव्वद.
मधे कित्येक दिवस काहीच नाही.

रागावलो नाही म्हटलं तर तेही वहीसारखंच होईल.
वही फेकली. मोरीत पडली, भिजली.
ती काहीतरी बोलली. ओठ वाचता येतात मला,
कारखान्यात आम्ही सगळे तसंच बोलतो.
"नान्ना, तुम्ही आधी आकडा बघता, मग मला.
एकदा तरी आधी मला बघा की."

माग बरा.
धागा तुटला की आपला आपण थांबतो,
कुणाचं चुकलं विचारत नाही.
गाठ मारायची, दांडी ओढायची, चालू.

वही दोरीवर वाळत घातली, टॉवेलांच्या शेजारी.
शाई पसरली होती.
खोटे आकडे आणि त्याआधीचे खरे
एकाच निळ्यात गेले.

काल तीनला उठलो तर तिचं अंथरूण रिकामं.
चुलीपाशी मोबाईलच्या उजेडात बसली होती,
केस कानाला चिकटलेले, हात कापतोय,
तोंडात साखर.
बोटांनी दाखवलं, सहा, मग एक.
मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. पंधरा मिनिटं.

बसलो.
मशीन आमच्या दोघांच्या मधे, फरशीवर.
मी तिच्याकडे बघत राहिलो.
सोपं नाही ते. नजर सारखी खाली जाते.
तिच्या हनुवटीवर एक पुटकुळी आलीय,
कधी आली कुणास ठाऊक.

वेळ झाल्यावर तिने पुन्हा बोट टोचलं,
आकडा वाचला, मशीन पालथं ठेवलं.
मी विचारलं नाही.
कपाळाला हात लावला.
कोमट होतं.