पाऊस न लागलेली राख

लेओन शहरात, सुतियाबाच्या एका गल्लीत,
दोन्या दोमितिला तिहेरिनो यांच्या चुलीशेजारी
दूध-पावडरचा डबा होता, निम्मा राखेनं भरलेला.
भांड्यांना बरी, त्या म्हणाल्या,
सेरो नेग्रोची राख कढईचं काळं काढते.
काळ्यानंच काळं.

आम्ही डोंगरावरून पोती भरून आणली होती,
सगळी भिजलेली.
मी विचारलं, हिला पाऊस लागला होता का?
अक्कल काढल्यासारखं बघितलं त्यांनी.
"पडली त्याच रात्री भरली. पत्रा वाजायला लागला,
वाटलं पाऊस. हात बाहेर काढला,
तर कोरडा आणि काळा.
मग परात धरली."

पावसाचीच तर भीती असते आम्हाला.
ढगांच्याही वर कुठून कुठून आलेले कण
प्राणवायूवर आदळतात, नत्रवायूवर,
आणि त्या ठिकऱ्यांत एक बेरिलियम जन्मतं,
दहा वजनाचं, मोजकं आयुष्य घेऊन आलेलं.
चौदा लाख वर्षांत निम्मं,
पुढच्या चौदा लाखांत निम्म्याचं निम्मं,
कोटी-दीड कोटी वर्षांनी हाती धुपाटणं.
नऊ वजनाचा त्याचा भाऊ मात्र मरत नाही,
तो सगळीकडे असतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

पावसाबरोबर उतरतं ते. पत्र्यावर, गाईच्या पाठीवर,
आणि समुद्रात, जिथे पाहणारं कुणी नसतं.
चिखलाला धरून बसतं.
तळ सरकत असतो,
नखं वाढतात त्याच्या दुप्पट वेगानं,
खंदकातून खाली, निकाराग्वाच्या पोटाखाली.

तिथे कुठलं आभाळ?
पृथ्वीचं स्वतःचं असं हे बेरिलियम नाहीच,
असतं तरी केव्हाच विरलं असतं.
म्हणून ताज्या राखेत ते सापडलं, पाऊस न लागलेल्या,
तर एवढंच म्हणता येतं
की हिच्यातलं काहीतरी अलीकडेच वर होतं, उघड्यावर.
"अलीकडे" हा शब्द आम्ही जपून वापरतो.

अकरा आठवडे आम्लात, गाळण्यांत, रांगेत.
मग आकडा आला:
एका ग्रॅमला कोटीच्या वर अणू.
ऐकायला पुष्कळ.
खरं तर गावभर शोधून एक टाचणी मिळावी, इतकंच.

राख न्या, डबा आणून द्या, असं ठरलं होतं.
इतकं घट्ट झाकण हल्ली मिळत नाही म्हणे.
मी गेले तेव्हा त्या मक्याचं पीठ मळत होत्या.
सांगितलं जमेल तसं:
पाऊस, चिखल, खंदक, विस्तव.
त्यांचे हात थांबले नाहीत.
"किती वर्षं लागली?"
वीस-तीस लाख. जास्तही असतील.
"म्हणजे त्या रात्री मला पाऊस वाटला,
तो पाऊसच होता. उशिरा आलेला."

हो म्हणायला काय जात होतं माझं?
पण शिकलेली जीभ. म्हणाले, तसं अगदी नाही,
फार थोडा अंश, बाकीचा दगड तर—
"मीठसुद्धा थोडंच घालतात," त्या म्हणाल्या
आणि पिठाचा गोळा उलटा केला.

मग डबा हातात घेऊन पाहिला.
झाकण आता बसत नव्हतं.
प्रयोगशाळेत कुणीतरी कड वाकवली होती.
त्याबद्दल मात्र त्या
बराच वेळ बोलत राहिल्या.